मोटरसायकलचे इंडिकेटर बदलायचेत: कायदा नक्की काय बघतो?

वळणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या गाडीचे मूळ इंडिकेटर रबरी दांड्यांवरचे, बल्बवाले, चांगले मोठे आहेत. मागचं लांब मडगार्ड काढून छोटा नंबरप्लेट ब्रॅकेट बसवायचा आणि चारही इंडिकेटर बारीक एलईडीचे करायचे असा बेत आहे. शोधल्यावर तीन प्रकार दिसले: बोटाच्या पेराएवढे सुटे एलईडी, हँडलच्या टोकांत बसणारे, आणि टेललाइटच्या पोटातच इंडिकेटर असलेले. पाकिटांवर सगळीकडे 'रस्त्यावर चालतात' असं छापलेलं.

एक मित्र म्हणतो, "पेटला-विझला की झालं." दुसरा म्हणतो, "कंपनीचं काहीही हलवलं की गाडी बेकायदा." दोन्ही टोकाची उत्तरं, आणि दोन्हींनी माझं समाधान होत नाही. रंग, अंतर, लुकलुकण्याचा वेग यांना काही ठरलेली मापं आहेत का? दिव्यावर शिक्का असला की प्रश्न मिटला का? तपासणीला गाडी नेली तर काय काय बघतात? इथले बरेच जण वेगवेगळ्या देशांत गाडी चालवतात, तेव्हा कुठल्या देशाबद्दल लिहिताय तेही सांगा.

कलमवार

चांगला धागा. सविस्तर लिहितो, कारण यात एक गोष्ट हमखास निसटते: दिवा मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि तो गाडीवर मान्य रीतीनं बसवलेला असणं वेगळं. नियमसुद्धा दोन वेगळे आहेत. पाकीट तुम्हाला फक्त पहिल्याबद्दल सांगतं.

आधी दिवा. १९५८ च्या जिनिव्हा करारात सामील देश एकमेकांची मान्यता स्वीकारतात. त्या मान्यतेची खूण काचेवर कोरलेली असते: वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि शेजारी आकडा. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो. माल कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. मोटरसायकलच्या इंडिकेटरला बरीच वर्षं संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५० लागू होता, त्यामुळे खुणेजवळ ५० हा आकडा सापडतो. शिवाय प्रकार लिहिलेला असतो: ११ म्हणजे पुढचा, १२ म्हणजे मागचा. पुढच्याला किमान ९० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) प्रकाश लागतो, मागच्याला ५०. बऱ्याच सुट्या दिव्यांवर दोन्ही प्रकार कोरलेले असतात, ते कुठेही लावा. पण फक्त १२ लिहिलेला दिवा पुढे लावला तर खूण असूनही तो चुकीचा. पाकिटावर 'ई' छापलंय आणि काच कोरी आहे असा माल मी तरी घेणार नाही.

आता बसवणं. त्यासाठी नियम ५३. त्यातली तुमच्या कामाची मापं अशी:

पुढच्या दोन इंडिकेटरच्या प्रकाशणाऱ्या भागांच्या आतल्या कडांमध्ये किमान २४० मिमी अंतर. मागच्या दोघांत किमान १८० मिमी. जमिनीपासून उंची ३५० ते १२०० मिमीच्या दरम्यान. मागचे इंडिकेटर गाडीच्या शेवटच्या टोकापासून ३०० मिमीपेक्षा जास्त पुढे नकोत. बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत आणि आतल्या बाजूला २० अंशांपर्यंत दिसले पाहिजेत, वर-खाली १५ अंश. दिवा ७५० मिमीपेक्षा खाली असेल तर खालचा कोन ५ अंशांवर आणता येतो. रंग अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळा. वेग मिनिटाला ९०, त्यात ३० कमी-जास्त चालतं, म्हणजे ६० ते १२०. एका बाजूचे पुढचा-मागचा एकाच स्विचनं चालू-बंद झाले पाहिजेत.

अंतर मोजताना प्लास्टिकच्या कडेपासून मोजू नका. जिथून प्रकाश बाहेर येतो त्या भागाच्या आतल्या कडेपासून मोजा. आता टेललाइटच्या पोटातल्या इंडिकेटरला ही पट्टी लावून बघा. अख्खा टेललाइटच पुष्कळदा १८० मिमी रुंद नसतो. मग आतल्या दोन कडांमध्ये १८० कुठून येणार?

वाचक_नेहमीचा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पट्टी घेऊन पार्किंगमध्ये जातोय.

दूरदेशी

अमेरिकेचं लिहिते. इथली पद्धत मुळातच वेगळी आहे. सरकार आधी मान्यता देत नाही. उत्पादक स्वतःच जाहीर करतो की माल नियमात बसतो, आणि खोटं निघालं तर जबाबदारी त्याची. संघराज्याचा मानक क्रमांक १०८ दिव्यांसाठी आहे. पुढचे इंडिकेटर मध्यापासून मध्यापर्यंत किमान १६ इंच दूर, म्हणजे साधारण ४०६ मिमी. मागचे किमान ९ इंच, साधारण २२९ मिमी. उंची १५ ते ८३ इंच. इथे मोजमाप मध्यापासून आहे आणि वर कलमवार यांनी दिलेलं आतल्या कडांपासून, त्यामुळे दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

आणखी एक फरक: अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असला तरी चालतो. म्हणून लाल इंडिकेटरवाली गाडी इथून युरोपात नेणाऱ्यांना ते बदलावेच लागतात. तिथे लाल लुकलुकणारा दिवा वळण्याची खूण मानला जात नाही.

शिवाय राज्यांचे नियम वेगळे, आणि नियमित तपासणी सगळ्या राज्यांत नाही. पण तपासणी नाही म्हणून मानक १०८ गैरलागू होत नाही.

बिनधास्त_स्वार

एवढी पट्टी घेऊन कोण येतं हो? आजवर कुणी थांबवलं असेल तर आवाजासाठी. आणि माझे एलईडी मूळ बल्बपेक्षा कितीतरी प्रखर आहेत, डोळे दिपतात. अंतर दोन सेंटिमीटर कमी असल्यानं कुणाचं काय बिघडतं?

कलमवार

बिनधास्त, प्रखरता आणि दिसणं यात गल्लत होतेय. छोटा एलईडी समोर उभं राहून बघितला की दिपवतो, कारण त्याचा प्रकाश अरुंद झोतात बाहेर पडतो. गाडी स्टँडवर लावा, इंडिकेटर चालू ठेवा आणि भर उन्हात गाडीच्या बाजूनं हळूहळू मागे चालत या. शेजारच्या लेनमधला कारवाला ज्या कोनातून बघतो त्या कोनात तुमचा दिवा पेटलाय की विझलाय हे कळतं का ते बघा. मग ट्रकचालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. ८० अंश आणि १५ अंश हे आकडे त्यासाठी आहेत.

अंतराचं कारण याहून महत्त्वाचं. मोटरसायकल मागून अरुंद दिसते. दोन इंडिकेटर मधल्या लाल दिव्याला चिकटून असले की थोड्या अंतरावरून एकच ठिपका लुकलुकताना दिसतो. डावा की उजवा हे मागच्याला ओळखता येत नाही. ब्रेक लावून वळताना तर लाल दिव्याच्या प्रकाशात नारिंगी बुडूनच जातो. आणि त्याच क्षणी मागच्या गाडीवाल्याला तुमचा बेत कळायला हवा असतो. हे दोन सेंटिमीटर दिसण्यासाठीच राखलेले आहेत, आणि ते तुमच्या जिवासाठी आहेत. पोलीस थांबवतो की नाही हा प्रश्न त्याच्या फार नंतरचा.

जुनं_लोखंड

जुन्या गाड्यांचं काय? माझ्या गाडीला कारखान्यातून इंडिकेटरच नव्हते. लावायची सक्ती आहे का?

दूरदेशी

बहुतेक ठिकाणी गाडी कधीची आहे यावर ठरतं. अमेरिकेत १ जानेवारी १९७३ पासून बनलेल्या मोटरसायकलींना इंडिकेटर लागू झाले.

थंड_हवेचा

ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९८६ पूर्वी पहिल्यांदा वापरात आलेल्या मोटरसायकलला सक्ती नाही. हातानं खूण करायची. पण हातानं खूण करताना एक हात हँडलवरून सुटतो, आणि रात्री तो हात कुणाला दिसतही नाही. माझ्या ओळखीचे जुन्या गाड्यावाले म्हणून दांडीला पट्ट्यानं बांधता येणारे, काढता येणारे इंडिकेटर लावतात. फ्रेमला भोक पाडावं लागत नाही.

वायरजोड

विजेची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. बदललेले इंडिकेटर तपासणीत अडकतात ते पुष्कळदा इथेच.

मूळ बल्ब २१ वॅटचा असेल तर एका बाजूचे दोन मिळून ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. १० वॅटचे बल्ब असतील तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. एलईडीची जोडी पाव अँपिअरसुद्धा ओढत नाही. जुन्या फ्लॅशर रिलेत, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीत, दोन धातूंची पट्टी असते. ती प्रवाहानं तापते, वाकते, जोड तोडते, गार झाली की परत जोडते. एलईडीच्या प्रवाहानं ती तापतच नाही, मग दिवा नुसता पेटून राहतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक रिलेत उलटं होतं: प्रवाह कमी दिसला की तो समजतो बल्ब उडाला आणि दुप्पट वेगानं लुकलुकायला लागतो. मिनिटाला १२० ची मर्यादा तिथेच ओलांडली.

यावर दोन उपाय आहेत. एक, प्रत्येक एलईडीला समांतर रेझिस्टर, म्हणजे बल्बाएवढा प्रवाह ओढणारा भाग. २१ वॅटच्या बल्बच्या जागी साधारण ६.८ ओहमचा, १० वॅटच्या जागी १५ ओहमच्या आसपास. समांतर म्हणजे समांतर, मालिकेत नाही. चालतं, पण रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. तो वायरच्या जुडग्यात टेपनं गुंडाळला की इन्सुलेशन वितळतं. धातूच्या भागावर स्क्रूनं बसवा, प्लास्टिकपासून दूर. शिवाय एलईडीमुळे जी वीज वाचणार होती ती सगळी तिथे उष्णता होऊन जाते.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: भारावर, म्हणजे दिवे किती प्रवाह ओढतात त्यावर, न चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले. जुना दोन पिनांचा आहे की तीन ते बघून घ्या. तीन पिनांत एक बॅटरीकडून, एक स्विचकडे आणि एक अर्थ. पिनांचा क्रम सगळ्या गाड्यांत सारखा नसतो, म्हणून आधी वायरचे रंग तपासा. या रिलेची एक किंमत आहे ती लक्षात ठेवा: बल्ब उडाल्यावर वेग बदलायचा तो चालकाला कळावं म्हणून. नवा रिले कायम एकाच वेगानं चालतो, एक दिवा मेला तरी. तेव्हा निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारून चारही दिवे बघायची सवय हवीच.

अलीकडच्या काही गाड्यांत रिले नसतोच, कंट्रोल युनिटच लुकलुकवतं. तिथे कंपनीचं सेटिंग बदलून मिळतं का ते आधी विचारा, वायर कापायला नंतर घ्या.

पहिला_गिअर

वायरजोड दादा, माझ्या गाडीत रिले बदलला, वेग बरोबर आला, पण डावा दाबला तरी चारही दिवे लुकलुकतात! स्विच खराब असेल का?

वायरजोड

स्विच ठीक असणार. मीटरमध्ये इंडिकेटरसाठी डाव्या-उजव्याला मिळून एकच हिरवा दिवा आहे ना?

पहिला_गिअर

हो, एकच.

वायरजोड

मग हेच. तो हिरवा बल्ब डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. डावा चालू केला की वीज डाव्या वायरमधून हिरव्या बल्बात, तिथून उजव्या वायरमध्ये आणि उजव्या बाजूच्या बल्बांतून अर्थला जाते. मूळ बल्ब तेवढ्या प्रवाहानं पेटत नव्हते, म्हणून कधी कळलं नाही. एलईडीला तेवढा प्रवाह पुरतो.

दोन साधे डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे) घ्या, वन-एन-४००७ मिळतात ते. हिरव्या बल्बाच्या दोन्ही वायर सोडवा. डाव्या वायरला एक डायोड, उजव्या वायरला दुसरा, दोन्हींची पट्टीवाली टोकं एकत्र जोडून हिरव्या बल्बाच्या एका टोकाला. बल्बाचं दुसरं टोक अर्थला. सोल्डर करा, वर हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. नुसती पीळ मारलेली वायर हेडलाइटच्या मागे थरथरून सुटते.

तोवर गाडी काढू नका. चारही दिवे लुकलुकणं म्हणजे मागच्याला "मी अडचणीत थांबलोय" असं सांगणं, आणि तुम्ही त्याच वेळी वळत असता.

पहिला_गिअर

जमलं! मनापासून आभार.

दुचाकीधारिणी

वायरजोड यांच्या प्रतिसादाला जोड: नारिंगी काच असेल तर आत पांढरा एलईडी बल्ब टाकू नका. नारिंगी काच बाकीचे रंग गाळते आणि पांढऱ्या एलईडीत नारिंगीचा वाटा तसाही कमी असतो. मग दिवा मंद आणि फिकट दिसतो. काच नारिंगी तर एलईडीही नारिंगीच. आणि पारदर्शक काचेखाली रंग लावलेला बल्ब असतो, त्याचा रंग उष्णतेनं पापुद्रे होऊन उडतो. मग इंडिकेटर पांढरा लुकलुकतो. मालकाला मीटरवर हिरवाच दिसतो, त्याला पत्ता नसतो. काळपट फिल्म किंवा स्प्रे तर काढूनच टाका. काच जशी तपासली गेली तशी असेल तरच तिच्यावरची खूण खरी.

आता मागच्या मडगार्डबद्दल, कारण धागाकर्त्याचा बेत तिथून सुरू होतो. ते मडगार्ड म्हणजे एकाच तुकड्यावर बसवलेल्या पाच गोष्टी आहेत: नंबरप्लेट, नंबरप्लेटचा दिवा, इंडिकेटर, रिफ्लेक्टर आणि चिखल अडवणारा पत्रा. ब्रॅकेटच्या पाकिटात बहुधा पहिल्या तीन गोष्टींचीच सोय असते. रिफ्लेक्टर जुन्या मडगार्डबरोबर माळ्यावर जातो.

तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे एकाची गाडी होती. इंडिकेटर उत्तम, अंतर बरोबर, वेग बरोबर. तपासनीस मागे उकिडवा बसला, टॉर्चचा झोत खालून वर नेला, परत खाली आणला. "रिफ्लेक्टर?" एवढंच विचारलं. त्या मुलाला आपल्या गाडीला असं काही होतं हेच ठाऊक नव्हतं. बॅटरी मेली, बल्ब उडाला, गाडी रात्री कडेला उभी आहे, अशा वेळी मागून येणाऱ्याला फक्त तो लाल तुकडा दिसतो. त्याला ना वायर लागते ना वीज.

नंबरप्लेटचा कोनही बघा. प्लेट सीटखाली आडवी वळवली की युरोपात तपासणी तिथेच थांबते. तिथे प्लेट वरच्या बाजूला ३० अंशांपेक्षा जास्त कलू देत नाहीत.

लांबपल्ला

दुचाकीधारिणी ताईंना पूर्ण अनुमोदन. प्रवासाला जाणाऱ्यांसाठी भर घालतो: बाजूच्या पेट्या लावल्या की मागचे इंडिकेटर मागून दिसतात, पण तिरकस बघितलं तर पेटीआड जातात. छोट्या ब्रॅकेटवरचे तर हमखास. सामान बांधून झालं की वर सांगितलेली फेरी पुन्हा मारा, सगळ्या कोनांतून. मऊ बॅगांचे लोंबणारे पट्टेही दिव्यावर येतात.

आणि मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: तसं करू नका. लेन बदलताना तुम्ही काय करताय हे कुणालाच कळत नाही. ती खूण उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहे.

शिस्तीतला

जर्मनीतलं सांगतो, कारण सुट्या भागांच्या मान्यतेची उतरंड इथे सर्वांत स्पष्ट आहे. दर दोन वर्षांनी मुख्य तपासणी. सुट्या भागांचे ढोबळमानानं तीन गट. 'ई' खूण असलेला भाग नियमाप्रमाणे बसवला तर वेगळा कागद लागत नाही. दुसऱ्या गटाला त्या भागाचं सर्वसाधारण परवानापत्र असतं, ते गाडीबरोबर ठेवायचं. तिसऱ्या गटाला चाचणी अहवाल असतो, पण तो नुसता जवळ असून भागत नाही. भाग बसवल्यावर तपासनीसाकडून गाडी बघून घ्यावी लागते. वाहन परवाना नियमांचं कलम १९ सांगतं की बदलामुळे रस्त्यावरच्या इतरांना धोका संभवत असेल तर गाडीचा वापर-परवानाच संपतो.

लोक अडकतात ते बदलांच्या एकत्र परिणामात. उंच हँडल मान्य, नवी ब्रेकनळी मान्य, दोन्हींचे कागद जवळ. पण हँडल पूर्ण वळवलं की नळी ताणली जाते, तर गाडी नापास. गाडी खाली केली तर बाजूचा स्टँड लांब पडतो आणि गाडी सरळ उभी राहू पाहते, ढकलली की पडते. टायरचं माप बदललं तर मीटरचा वेग बदलतो. प्रत्येक भाग सुटा बघून चालत नाही.

थंड_हवेचा

ब्रिटनमधली वार्षिक तपासणी गाडी तीन वर्षांची झाली की सुरू होते. इंडिकेटर बाबतीत: आहेत का, घट्ट बसलेत का, रंग अंबर आहे का, मिनिटाला ६० ते १२० या वेगात आहेत का, स्विच नीट चालतो का. टायरची नक्षी ५० सीसीवरच्या गाडीला किमान १ मिमी, रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात. ब्रेकचे लिव्हर बदलणाऱ्यांनी पुढच्या ब्रेकचा स्विच नव्या लिव्हरनं दाबला जातो ना ते बघावं. मागच्या पेडलनं दिवा लागतो म्हणून लक्षात येत नाही, पण पुढच्या ब्रेकनं लागत नाही.

पास झाल्याचं प्रमाणपत्र त्या दिवशीच्या अवस्थेचं असतं. तपासणीपुरते मूळ भाग लावून दुसऱ्या दिवशी काढणारे बरेच आहेत. त्यांच्याकडचा कागद त्यांना रस्त्यावर वाचवत नाही.

भरधाव_नको

भारतातल्या नियमांबद्दल कुणी लिहाल का? तिथे सगळेच बदल बेकायदा असं ऐकलंय.

कलमवार

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं: उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-ए आलं. परवानगी नसलेले भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

इंडिकेटर आणि ब्रेकलाइट केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०२ मध्ये आहेत. मोडलेला इंडिकेटर बदलून त्याच जागी, त्याच रंगाचा, त्याच मॉडेलसाठीचा लावणं ही दुरुस्ती आहे. मडगार्ड कापून इंडिकेटर टेललाइटच्या पोटात नेणं हा बदल आहे. मधल्या जागेत शंका असेल तर उत्पादकानं त्या मॉडेलसाठी दिलेली अ‍ॅक्सेसरी घ्या आणि तिचं बिल जपून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्यानं करताना गाडी तपासली जाते, तेव्हाही ते बिल उपयोगी पडतं.

सायलेन्सरचा विषय इथे वाढवत नाही, तो वेगळ्या धाग्याचा आहे. बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम ९२ आहे आणि आतली जाळी काढली की मान्यता संपते, एवढं पुरे.

बिनधास्त_स्वार

काल भर दुपारी गाडी लावून बाजूनं चालून बघितली. साधारण ६० अंशांनंतर माझा मागचा दिवा विझल्यासारखाच दिसतो. कलमवार, मुद्दा पटला. आता एक विचारतो: कडेकडे धावत जाणारे इंडिकेटर चालतात का? कारला असतात ते.

कलमवार

कारच्या इंडिकेटरचा नियम ६ त्याला अटींवर परवानगी देतो. तुकडे आतून बाहेरच्या दिशेनं पेटायला हवेत, सगळे २०० मिलिसेकंदांत पेटून व्हायला हवेत, आणि एकदा पेटलेला तुकडा त्या चमकेच्या अखेरपर्यंत पेटलेलाच राहायला हवा. ज्या पट्ट्यांत एकच ठिपका एका टोकाकडून दुसऱ्याकडे पळतो आणि मागचा विझत जातो, त्या यात बसत नाहीत. सुट्या मिळणाऱ्या बहुतेक चिकटपट्ट्या तसल्याच असतात आणि त्यांच्यावर खूणही नसते.

वळणवाट

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते असं: टेललाइटच्या पोटातला प्रकार बाद. पुढचे मूळ इंडिकेटर तसेच. हँडलच्या टोकांचे पुढून छान दिसतात, पण हँडल वळलं की दिव्याची दिशाही वळते, आणि मागचे वेगळे लागणारच. मागे ११ आणि १२ दोन्ही कोरलेले एलईडी, आतल्या कडांमध्ये २१० मिमी येतील असा ब्रॅकेट, आणि भारावर न चालणारा रिले. माझ्या मीटरला डाव्या-उजव्याचे दोन वेगळे हिरवे दिवे आहेत, म्हणून डायोड लागणार नाहीत असं समजतो. विमा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर मागवलंय.

एक शेवटचा प्रश्न. रिफ्लेक्टर नव्या ब्रॅकेटवर कुठे लावू? आणि कसला घेऊ?

वायरजोड

दोन वेगळे दिवे असतील तर डायोड नकोत, बरोबर. पुढे बल्ब आणि मागे एलईडी असा मिश्र भारही त्या रिलेला चालतो.

दुचाकीधारिणी

नंबरप्लेटच्या खाली, मध्यभागी, सरळ मागे तोंड करून. उंची जमिनीपासून २५० ते ९०० मिमी. लाल, आणि त्यावरही 'ई' खूण बघून घ्या. गोल किंवा आयताकृती घ्या, त्रिकोणी घेऊ नका, तो ट्रेलरसाठी असतो. चिकटवण्यापेक्षा मागे बोल्ट असलेला घ्या आणि नायलॉक (थरथरीनं सैल न होणारा) नट लावा. आणि गाडीवर बसून मागचं सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा, चाक ब्रॅकेटला किंवा रिफ्लेक्टरच्या बोल्टला लागत नाही ना. शक्यतो मागे दुसऱ्या कुणाला तरी बसवून बघा, एकट्यानं तेवढं दाबलं जात नाही.